एक लाख तीन वाती

आधी एक, मग चार शून्ये, शेवटी तीन. एक लाख तीन. हा आकडा मी, एक वेळ सोडली तर, गेली कित्येक वर्षे कोणाजवळ उच्चारला नाही आणि एक दिवस विसरलोही नाही. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने आकड्यांविषयी काय सांगावे, असे ज्याला वाटत असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि मी पुढे जे सांगतो ते भागून बघावे. चूक निघाली तर मला येऊन सांगावे. घर पेडणे बाजारापासून लांब नाही आणि मी दिवसभर घरीच असतो.

तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची घंटी ऐकू आली की घर जागे व्हायचे. तो दारात गरम उंडे ठेवून जायचा, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून आदोळीवर नारळ किसल्याचा आवाज सुरू व्हायचा. आईचा हात एका लयीत चालायचा. मधेच आवाज थांबला की समजावे, आई कोणाला तरी बोलते आहे. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, तिच्यावर खोबऱ्याची कातळी आणि तोंडाला तोराचे, म्हणजे कोवळ्या कैरीचे, लोणचे; दुपारी माशांचे हुमण आणि भात. गरिबी होती, पण पानात काही कमी पडले असे मला आठवत नाही. वडिलांना आम्ही बाबा म्हणायचो. ते गावच्या सातेरीच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे. गावावर काही आले, कोणाच्या घरात काही मागायचे असले, की बाबा देवीसमोर उभे राहून ते मोठ्याने सांगायचे आणि मागे उभे असलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. घरात मात्र त्यांचा आवाज क्वचितच निघायचा. सगळा आवाज त्यांनी देवीसाठी राखून ठेवलाय, असे माझी वहिनी म्हणायची.

शाळा मी का सोडली ते सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे त्याच स्वभावातून झाले. मास्तरांनी फळ्यावर एक मोठा गुणाकार घातला. मी जागेवर बसूनच उत्तर सांगितले. मास्तर म्हणाले, रीत मांडून दाखव. मी म्हटले, उत्तर बरोबर आहे ना? मग रीत कशाला? त्यांनी छडी मारली. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः घरी आले तरी गेलो नाही. त्यानंतर मी नारळ सोलायला जाऊ लागलो. सोललेले नारळ पाच-पाचाने मोजून रास घालायची. हजार नारळ मोजले तरी माझा एक चुकत नसे. आजूबाजूचे बागायतदार मला मुद्दाम बोलवायचे. मला त्याचा फार गर्व होता. अजून आहे.

मोठा भाऊ, आमचा दादा, मुंबईला जाऊन बोटीवर लागला होता. लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले आणि तो गेला. सुरुवातीला पत्रे यायची, मग थांबली. दोन चवथी त्याच्याशिवाय झाल्या. गणपतीवर टांगायची माटोळी बांधताना आई एकेका फळाला हात लावून रडायची. वहिनी रडलेली मी बघितली नाही. ती डिचोलीची, तिच्या वडिलांचे तिथल्या बाजारात फुलांचे दुकान होते. बारीक चणीची, वेगाने बोलणारी, आणि मी जेवायला उशीर केला की दारात उभी राहून म्हणायची, "भावजी, भाताची शितां मोजून जाली काय? मग जेवा." माझी चेष्टा करायची हिंमत घरात तिच्याशिवाय कोणाला नव्हती. तीही माझ्याइतकीच शिकलेली, म्हणजे चौथी. फरक एवढाच की तिने शाळा सोडली नव्हती, तिला सोडायला लावली होती. पोटी मूल नव्हते. नवरा बोटीवर, मूल कुठून व्हायचे? पण हा हिशेब मला आज सुचतो. तेव्हा बायका कुजबुजायच्या आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

दुसरी चवथ झाल्यावर आईने देवीला लाख वाती बोलल्या. दादाचा ठावठिकाणा लागू दे, तो धडधाकट येऊ दे. दुसरीकडे लोक लाख वाती कशा लावतात ते मला ठाऊक नाही. आमच्या घराची रीत मी सांगतो. वाती रोज सारख्या लावायच्या. पहिल्या दिवशी जितक्या, तितक्याच शेवटच्या दिवशी. कुठल्या दिवशी एक उणी नाही आणि शेवटी एक उरायची नाही. किती दिवस लावायच्या ते आपल्या मनावर. पण आकडा एकदा गाऱ्हाण्यात देवीसमोर उच्चारला की त्यातली वात काढायची नाही आणि त्यात वात घालायची नाही. काढली तर देवीचे चोरले, घातली तर देवीला फसवले. ही रीत आईला तिच्या सासूकडून आली होती आणि ती मोडलेली कोणी बघितली नव्हती.

मग दुपारभर पडवीत दोघी सासू-सुना वाती वळत बसायच्या. बोटांना राख लावायची, कापसाचा पेळू चिमटीत धरायचा, तळहातावर एक वळसा, झाली वात. शंभर झाल्या की दोऱ्याने बांधून जुडी करायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. घरभर कापसाचे तंतू उडायचे, पेजेत पडायचे. आईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, ती हाताच्या अंदाजाने वळायची. वहिनी वळता वळता बोलायची, आणि बोलता बोलता मोजायची. असे किती महिने गेले ते सांगता येत नाही. एक पावसाळा पुरता गेला एवढे नक्की.

एके दिवशी आई मला म्हणाली, "बाबू, हजार जुड्यो जाल्यो काय बघ रे. इतक्याच बघ."

इतकेच बघायचे होते. जुड्या मोजायच्या, हजार भरल्या की हो म्हणायचे, आणि लाख झाले. मी जुड्या मोजल्या. हजार होत्या. पण मी मोजायला बसलो आणि जुडी न सोडता उठलो, असे कसे होईल? मी पहिली जुडी सोडली. शंभर. दुसरी सोडली, शंभर. सातवी की आठवी सोडली, एकशे एक. मग मी थांबणार कसला.

वहिनी चूल सोडून पडवीत आली. "भावजी, जुड्यो सोडू नकात. देवीक काय एक-दोन कळतत?"

"देवीक कळता," मी म्हटले. "तिका नाय कळला तर माका कळता."

"मग पूजा तुमचीच करूया," ती म्हणाली आणि हसत आत गेली.

सहा दुपारी मी मोजत होतो. सोडलेल्या वाती चटईवर रास करून ठेवत गेलो. कोणती जुडी कोणी बांधलेली, कोणाची चुकलेली, हे सांगायचा पुरावा त्या राशीत बुडाला आणि तो मीच बुडवला. शेवटी आकडा आला एक लाख तीन. पडताळा म्हणून पुन्हा मोजले, तोच आला.

सोमवारी बाबा देवळात जायला निघाले. "किती म्हणू?" त्यांनी विचारले.

"एक लाख तीन."

वहिनी दाराआडून म्हणाली, "लाख म्हणा हो बाबा. लाखच बोललेल्यो."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटले, "आसत तितक्यो सांगूक नाका काय?" बाबा खरे बोलणारे. देवीसमोर तर एक सूतभर इकडेतिकडे करायचे नाहीत. देवळात पाच-सहा माणसे होती. बाबांनी नारळ ठेवला आणि आवाज चढवला, "हे आई सातेरी, तुझ्या पायाकडे तुझ्या लेकरांनी एक लाख तीन वातींची रास केल्या, ती गोड मानून घे, आमचो झील खंय आसात थंय राख, आणि घराक आण!" मागून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटले. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. माझा आकडा देवीच्या कानावर गेला होता ना.

घरी आल्यावर आई म्हणाली, एकवीस दिवस लावूया. मी जमिनीवर कोळशाने भागाकार मांडला. रोज चार हजार सातशे बासष्ट वाती, एकवीस दिवस, आणि शेवटी एक उरली.

"मग सात दिवस," आई म्हणाली. रोज चौदा हजार दोनशे शहाऐंशी. एक उरली. तीन दिवस? एक उरली. दोन दिवस? एक. बेचाळीस दिवस धर, मी आपल्या मनाने केले. रोज दोन हजार तीनशे एक्क्याऐंशी. पुन्हा एकच. पाचाने केले तर तीन उरल्या, अकराने दोन. पण आईने मनाशी धरलेल्या चांगल्या दिवसांत कोठेही बघावे तर ती एकटी वात बाहेर. तेवीस दिवसांचे केले तेव्हा उलटेच झाले, शेवटच्या दिवशी एक उणी पडली. आईची आदोळी थांबली.

"ही एक कोण रे?" आई म्हणाली. विचारले मला, पण बघत होती चुलीकडे. तिथे वहिनी फुंकणीने जाळ करत होती.

तेव्हा मला खरे तर कळायला हवे होते की हे कुठे चालले आहे. कळले नाही असे लिहिले तर खोटे होईल. थोडे कळले. पण माझे डोके आकड्यात अडकले होते. मी जन्मात इतका हट्टी आकडा बघितला नव्हता. आई रोज विचारायची, "गावलो दिस?" आणि मी म्हणायचो, "अजून बघतंय." जोवर मी बघत होतो तोवर घर थांबून होते. वहिनीला कोणी काही म्हणत नव्हते. आई तिच्याशी बोलत नव्हती एवढेच. आजूबाजूच्या बायका मात्र बोलू लागल्या होत्या. सून वळायला बसली तेव्हा तिच्या मनात नवऱ्याविषयी काही वाकडे असणार, तिच्या हातची वात देवी घेत नाही, तिला माहेरी धाडा आणि सगळे नव्याने करा. वहिनी विहिरीवरून भरलेला कळसा घेऊन यायची आणि माझ्या मागे उभी राहून कोळशाचे आकडे बघायची. एकदा हलकेच म्हणाली, "भावजी, शोधून काढा एकदाचो तो दिस. माका आता शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघूक जायना." तिचे त्या घरात राहणे माझ्या भागाकारावर टांगलेले होते.

आता मी काय केले ते सांगतो, कारण हे मला कोणी शिकवले नव्हते. आधी मी एकामागून एक आकडे घेत सुटलो. मग लक्षात आले, दोनाने भाग जात नाही तर चाराने, सहाने, आठाने जाणारच नाही, वेळ फुकट. तिनाने जात नाही तर नऊ आणि पंधरा सोडून द्यावे. म्हणजे जे आकडे आधीच्या कोणी खाल्लेले नाहीत तेवढेच घ्यायचे: सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, असे. तरी ते संपणार कुठे? लाखापर्यंत जायचे? तीन दुपारी मी नारळ सोलता सोलता तेच बोलत होतो. आणि सोलताना, सुळावर नारळ दाबताना, मला दिसले. दिवस आणि रोजच्या वाती ही जोडी आहे. दिवस वाढले तर रोजच्या वाती कमी होणार. दोन्ही सारखे कुठे होतात? तीनशे सोळा गुणिले तीनशे सोळा लाखाच्या आत राहतात, तीनशे सतरा गुणिले तीनशे सतरा लाखाच्या वर जातात. म्हणजे जोडीतला एक तरी तीनशे सोळाच्या आत असायलाच पाहिजे. तिथवर कोणी सापडला नाही तर पलीकडे बघायची गरज नाही. मी नारळ तिथेच टाकून घरी धावत आलो.

तीनशे सोळापर्यंत असे न खाल्लेले आकडे पासष्ट निघतात. पासष्ट भागाकार मी पडवीच्या भिंतीवर कोळशाने केले. आईने नुकतीच ती भिंत सारवली होती, तिचीही मी पर्वा केली नाही. शेवटचा भागाकार तीनशे तेराचा. एकशे छप्पन्न उरल्या. त्या दिवसासारखा आनंद मला माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळीही झाला नाही, हे लिहायला मला लाज वाटते, पण खरे आहे.

माझी नात आता म्हापशाला कॉलेजात शिकते. मागच्या चवथीला तिने सहज विचारले, आजोबा, तुमचा आवडता आकडा कुठला, आणि माझ्या तोंडून हा निघून गेला. तिने तो मोबाइलात घातला. डोळा लवायच्या आत उत्तर आले. "आजोबा, ही मूळ संख्या आहे. लाखाच्या पुढची पहिलीच!" मागे वळून बघितले तर याच्या आधीची नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव, मधे कोणी नाही. एक वात कमी असती तर बेचाळीस दिवसांत नेमक्या संपल्या असत्या. एक जास्त असती तर ब्याण्णव दिवस, रोज एक हजार सत्याऐंशी. आम्ही नेमके मधे जाऊन बसलो. नात म्हणाली, तुम्ही हे हाताने केलेत? तिच्या नजरेत माझ्याविषयी जे दिसले त्याने मी दोन दिवस फुगून होतो. मग तिने मूळ संख्या म्हणजे काय ते वाचून दाखवले. 'जिला दोनच भाजक असतात, एक आणि ती स्वतः.' मी तिला म्हटले, पुरे, मोबाइल बंद कर. ती पोर घाबरली.

भिंतीवरचा शेवटचा भागाकार झाला त्या दिवशी संध्याकाळी बाबा बागेतून आले. आई पडवीच्या पायरीवर सुकी मिरची निवडत होती. वहिनी अंगणात वाळवण गोळा करत होती. मी भिंतीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "गावलो."

आईच्या हातातली मिरची खाली पडली. "किती दिस रे?"

"एकय नाय," मी म्हटले. "ह्या आकड्याक दिवसच नाय. दोनापासून धर, लाखापर्यंत जा. कोणाच्यान भाग जावचो नाय. माज्याकडसून लिहून घे." आणि मी त्यांना सगळे समजावून सांगू लागलो, तीनशे सोळा, जोडी, खाल्लेले आकडे. बाबा भिंतीकडे बघत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हते, पण माझा आवाज त्यांना कळत होता. गाऱ्हाण्यात त्यांचा लागायचा तसा तो लागला होता. मी थांबलो तेव्हा अंगणात कोणी हलत नव्हते.

"म्हणजे देवीन घेतल्यो नाय," आई म्हणाली.

"देवीचा काय? आकडोच तसो आसा. कोणाचो दोष नाय."

"हजार जुड्यो हजारच होत्यो. लाख जावक होये होते. तीन खंयच्यो आयल्यो?" आई वहिनीकडे वळली. "मी शंभर म्हणजे शंभर बांधलंय. तू बोलत बांधतालंस."

वहिनीने माझ्याकडे बघितले. मी म्हणू शकलो असतो की आई, तुला दिसत नाही, तुझ्याही चुकल्या असतील. म्हटले नाही. आईला दिसत नाही हे घरात कोणी बोलायचे नाही असे ठरलेले होते, आणि मी माझ्या भागाकाराच्या नशेत होतो. कालपर्यंत 'अजून बघतंय' होते. ते 'अजून' मी पुसून टाकले होते. आईला आता वाट बघायला काही उरले नव्हते, फक्त कोणाचा हात चुकला ते ठरवायचे उरले होते. ते तिने ठरवले. वहिनीने थोडे दिवस माहेरी जावे, या वाती नदीत सोडाव्यात, आणि आईने एकटीने पुन्हा वळायला बसावे. बाबा म्हणाले, "सोमवारी बाबू पोचवन येतलो." आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेले.

पुढचे लवकर सांगतो. त्या वर्षाच्या शेवटी दादाचे पत्र आले. आजारी पडून तो कुठल्याशा बंदराच्या इस्पितळात होता, बरा झाला. तो आला तेव्हा आईच्या दुसऱ्या वेळच्या वाती अर्ध्याही झाल्या नव्हत्या. दादा डिचोलीला वहिनीला आणायला गेला आणि एकटाच परत आला. वहिनीच्या वडिलांनी त्याला फुलांच्या दुकानाच्या फळीवर बसवले, चहा दिला आणि सांगितले की आमची मुलगी वात नव्हे, उरली म्हणून बाजूला काढायला. मग दादाचे दुसरे लग्न झाले. त्याची मुले, नातवंडे आहेत, सगळी चांगली आहेत. वहिनी बालवाडीत शिकवायची असे ऐकले. एकदाच म्हापशाच्या बाजारात समोर आली, केस पांढरे झालेले. म्हणाली, "भावजी, आता किते मोजतात?" मी हसायचा प्रयत्न केला. ती गेल्यावर मी काय आणायला आलो होतो तेच मला आठवेना.

पण ही सगळी उजळणी मी करतो ती एका गोष्टीसाठी, जी आई-बाबांना, दादाला, माझ्या बायकोला, कोणालाच मी सांगितली नाही. त्या सोमवारची होडीतली.

तेव्हा आमच्या बाजूने शापोरा नदी होडीने ओलांडायची आणि पलीकडे बस धरायची. सकाळची वेळ होती. होडीत आम्ही दोघेच, आणि होडी वल्हवणारा तारी. वहिनीच्या मांडीवर कपड्यांचे बोचके. निघताना ती आईच्या पाया पडली होती आणि आईने तिच्या हातावर दोन उंडे कागदात बांधून ठेवले होते, वाटेत खायला. आईचे डोळे भरले होते. आई वाईट नव्हती, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

होडी काठापासून सुटल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, एक विचारू? रागवू नकात."

"विचारा."

"तुमी दोनापासून सुरवात केली. एकान कित्याक नाय बघितला?"

मी हसलो. "एकान कसल्याकय भाग जाता. तो काय भाग?"

"जाता ना? काय उरता काय?"

"उरतला कित्याक?"

"मग एकच दिस," ती म्हणाली. "एक लाख तीन, सगळ्यो एकदम. पहिलो दिस तोच निमाणो, शेवटचो. पहिल्या दिसाक जितक्यो, तितक्योच निमाण्या दिसाक. उणी नाय, वर नाय, गाऱ्हाण्यातलो आकडो तसोच. घराक आग लागत म्हणून भियेवपाचा काय? मळ्यात न्हेवन मोठ्या कायलीत लावया." तिने बोचके एका बाजूला केले. "माका काल न्हातना सुचला. मी बोललंय तर आये म्हणतली, सून आपणाक वाचयता. तुमी सांगा. आकड्याचा आये तुमचाच ऐकतत."

मी पाण्याकडे बघत बसलो. तिच्या म्हणण्यात मला खोट शोधून सापडेना. ती बरोबर होती. इतके सोपे, इतके स्वच्छ, रीतीचा एक शब्द न मोडता. पासष्ट भागाकार मी केले होते आणि जो पहिला, जो बोटांवर मोजताना सगळ्यांत आधी येतो, तो मी भाग मानलाच नव्हता. परत जाऊन हे सांगायचे म्हणजे त्या भिंतीसमोर पुन्हा उभे राहायचे आणि म्हणायचे की माझे चुकले, आणि हे मला सुचले नाही, हिला सुचले. माझेच म्हणून सांगितले असते तरी तिला चालले असते. तिने तेच तर सुचवले होते. पण मला ते ठाऊक राहिले असते. लोक मला बोलावतील आणि मी मोजत असेन, आणि दर वेळी मला ठाऊक असेल. मी छडी खाऊन शाळा सोडणारा माणूस. मी एवढे नाही करू शकलो.

मग मी म्हणालो, "तसा चलत नाय. एक म्हणजे भाग नव्हे."

तारी सगळे ऐकत होता. म्हातारा माणूस, आकडे-बिकडे त्याला काही कळले नसतील, पण घरात काही तरी बिनसले आहे आणि पोरगी रडवेली झाली आहे एवढे कळले. नदीच्या मध्यावर त्याने वल्हे पाण्यातच धरून ठेवले. "काय रे बाबू, परतू काय होडी? भरती आसा. आता परतूक सोपी, मागीर जड पडतली."

वहिनी माझ्याकडे बघत होती.

"नाका," मी म्हटले. "चल फुडे."

तारीने वल्हे मारले.